जड ओझे आणि तापलेले तेल

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिम अंगाला पहाडगंजची वस्ती आहे. एक क्रमांकाचा फलाट याच बाजूला येतो आणि स्थानकाच्या उत्तर टोकाला देशबंधू गुप्ता मार्ग एका पुलावरून रूळ ओलांडून पलीकडे जातो. 1970 व 1980 च्या दशकांत या पुलाच्या कठड्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाला खाली एक दृश्य वारंवार दिसत असे. लांबून आलेली गाडी रिकामी झालेली असे, तिचे मोठे इंजिन सोडवून नेलेले असे आणि अठरा-वीस डब्यांची ती रांग ओढून नेण्यासाठी एक लहानसे, तीनच आसांचे शंटिंग इंजिन तिला येऊन जोडले जाई. शिट्टी होई. इंजिनाचा आवाज चढू लागे, धुराचा लोट उठे. पण चाके काही क्षण जागची हलत नसत. मग डब्यांमधील जोडण्या एकामागून एक ताणल्या जात आणि सारी रांग मुंगीच्या पावलांनी सरकू लागे.

आवाज चढला आणि चाके मात्र फिरली नाहीत, त्या क्षणांत डिझेल जळतच होते. त्यातून निघालेली शक्ती डब्यांना मिळाली नाही, मग ती गेली कोठे? जड ओझे ओढणाऱ्या प्रत्येक यंत्राला, मग ते रुळांवरचे इंजिन असो वा रस्त्यावरचा ट्रक, या प्रश्नाचा सामना करावा लागतो.

डिझेल इंजिनाचा एक स्वभावदोष आहे. वाफेचे इंजिन थांबलेल्या अवस्थेतही पूर्ण जोर लावू शकते. दट्ट्यावर वाफेचा दाब आला की चाक फिरलेले असो वा नसो, जोर लागतोच. डिझेल इंजिनाला स्वतः फिरत राहिल्याखेरीज जोर देता येत नाही. मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली त्याचा वेग गेला की ते गुदमरून बंद पडते. म्हणजे इंजिन फिरते आहे आणि चाके स्थिर आहेत, अशा दोन विजोड गोष्टींची सांधेजोड करणारा कोणीतरी मध्यस्थ हवा. या मध्यस्थालाच प्रेषण-यंत्रणा म्हणतात.

आपल्याकडील बहुसंख्य ट्रकांत हे काम क्लच आणि गिअरपेटी करतात. क्लचमध्ये एक तबकडी दुसऱ्या फिरत्या तबकडीवर हळूहळू दाबली जाते. पूर्ण दाबली जाईपर्यंत ती घसरत असते आणि या घसरण्यातून उष्णता निर्माण होते. मुंबई-पुणे रस्त्यावरील बोरघाटात भरलेल्या ट्रकांची रांग चढावर अडकली, की जळक्या अस्तराचा उग्र वास पसरतो. तो वास अर्धवट दाबलेल्या क्लचचा असतो. ट्रकचालक त्यातून शिकतात ते एवढेच, की क्लच अर्धा धरून गाडी चढावर तोलून ठेवू नये. एकदा क्लच पूर्ण लागला, की साध्या गिअरपेटीत शक्तीचा फारच थोडा अंश वाया जातो. दातेरी चाकांच्या घर्षणात आणि तेल घुसळण्यात शंभरातील दोन-चार भाग जातात, आणि तेवढी उष्णता पेटीच्या लोखंडी कवचावरून वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणूनच साध्या ट्रकच्या गिअरपेटीला वेगळा शीतक लागत नाही.

परंतु शेकडो टनांचे ओझे दिवसातून पन्नास वेळा जागेवरून हलवायचे असेल, तर घासणारी तबकडी फार काळ टिकत नाही. तेथे दुसरा मध्यस्थ हवा, आणि तो द्रवाचा असला तर झिजणार नाही. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. आज पोलंडमध्ये असलेल्या श्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात तो काम करीत होता. जहाजावरील वाफेची झोतचक्की फार वेगाने फिरते आणि जहाजाच्या पंख्याला तर संथ गती मानवते; या दोहोंची सांगड घालण्यासाठी त्याने पाण्याचा मध्यस्थ योजला व 1905 मध्ये त्याचे एकस्व घेतले. जहाजांनी पुढे ही युक्ती सोडून दिली. रेल्वेने आणि मोटारीने मात्र ती उचलली.

तिचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि त्यांतील एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्या पंख्याची पाती, वीज नसतानाही, फिरू लागतात. दुसरा पंखा हाताने धरून ठेवला तरी पहिला फिरतच राहतो. मोडतोड काहीच होत नाही. हवेच्या जागी तेल घ्यावे, दोन्ही पंखे एका बंद पेटीत अगदी जवळ बसवावेत, आणि इंजिनाने फिरणारा पंखा चाकांना जोडलेल्या पंख्यावर तेलाचा जोरदार झोत सोडील अशी रचना करावी. फ्योटिंगरने यात तिसरे, न फिरणारे पातेरी चक्र घातले. दुसऱ्या पंख्यावर आदळून परतणारे तेल हे चक्र योग्य दिशेला वळवते, आणि त्यामुळे फिरवण्याचा जोर नुसता पोचत नाही, तर वाढून पोचतो. चाके थांबलेली असताना हा जोर इंजिनाच्या जोराच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. त्यावरून या साधनाला टॉर्क कन्व्हर्टर हे नाव पडले.

जोर वाढतो, पण शक्ती वाढत नाही. किंबहुना ती घटतेच. शक्ती म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार. चाके थांबलेली असताना वेग शून्य, म्हणून चाकांना मिळालेली शक्तीही शून्य. इंजिनाने कन्व्हर्टरला दिलेली सारीच्या सारी शक्ती त्या वेळी तेल घुसळण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन तेलातच राहते. पहाडगंजच्या पुलावरून पाहणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

थोडे आकडे मांडून पाहणे येथे उपयोगी ठरेल. चित्तरंजन येथील रेल्वेच्या कारखान्यात बनलेली डब्ल्यू.डी.एस.-4 जातीची शंटिंग इंजिने 600 ते 700 अश्वशक्तीची होती. किलोवॅटच्या मापात 700 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 515. त्यांतील काही भाग हवेचा दाब राखणाऱ्या कॉम्प्रेसरला आणि थंडाव्याच्या पंख्याला जातो. कन्व्हर्टरकडे 450 किलोवॅट येतात असे धरू. यंत्रणेत 200 लिटर तेल आहे असे मानले, तर त्याचे वजन 175 किलोच्या आसपास भरते. इतके तेल एक अंश तापवायला सुमारे 350 किलोजूल उष्णता लागते. चाके अडलेली ठेवून पूर्ण शक्ती दिली, तर तेल दर सेकंदाला सव्वा अंशाने तापेल. 80 अंशांवर असलेले तेल अर्ध्या मिनिटात 120 अंशांच्या घरात जाईल. कोणताही शहाणा चालक सुरुवातीलाच पूर्ण शक्ती देत नाही हे खरे. पण अर्धे मिनिट ही मुदत किती थोडी आहे ते यावरून कळते.

रांग हलू लागली की स्थिती सुधारते, पण एकदम नव्हे. ताशी 5 किलोमीटर वेगाने 15 टनांचा ओढ लावला जात असेल, तर चाकांवर पोचणारी शक्ती सुमारे 204 किलोवॅट होते. उरलेले 246 किलोवॅट तेलात जातात. ताशी 10 किलोमीटरला 12 टनांचा ओढ असेल, तर चाकांना 327 मिळतात व तेलाला 123. वेग आणखी वाढला की कन्व्हर्टर आपल्या सर्वोत्तम अवस्थेला येतो. त्या वेळीही शंभरातील पंधराच्या आसपास भाग तेल घेतेच, आणि वेग त्याहून पुढे गेला की हा वाटा पुन्हा वाढू लागतो. मालगाडी वेगाने पळवण्यापेक्षा डबे सावकाश हलवणे यंत्राला अधिक ताप देते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला उलटी वाटते. पण हिशेब तसाच आहे. शंटिंग इंजिनाचे जवळजवळ सारे आयुष्य या सर्वांत तापदायक टप्प्यात जाते.

तेलाला ही उष्णता सोसत नाही. खनिज तेल 80-90 अंशांपर्यंत दीर्घकाळ टिकते. त्यापुढे दर दहा अंशांनी त्याचे आयुष्य निम्मे होते असा एक स्थूल नियम यंत्रशाळांत सांगितला जातो, आणि तो प्रत्यक्षाशी बराच जुळतो. तापलेले तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून काळपट व आंबट होते, त्यातून चिकट साका सुटतो आणि तो झडपांच्या बारीक वाटा बुजवतो. तेल पातळ झाल्याने आतली गळती वाढते. रबरी सील कडक होऊन चिरतात. पेटीतले तेल हुंगून कारागीर तिचे दुखणे ओळखतात, ते या जळक्या वासावरूनच. जो द्रव झिजत नाही म्हणून घेतला, तोच अशा रीतीने शेवटी झिजतो.

तेव्हा उष्णता बाहेर काढणे आले. बहुतेक द्रवचालित रेल्वे-इंजिनांत हे दोन टप्प्यांनी होते. प्रथम तेल नळ्यांच्या एका पिंपातून वाहते. नळ्यांच्या दुसऱ्या बाजूने डिझेल इंजिनाचे पाणी वाहत असते आणि ते ही उष्णता उचलते. मग ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन हवेला ती देऊन टाकते. या व्यवस्थेचा फायदा असा, की थंडीच्या सकाळी इंजिनाच्या पाण्याने गोठल्यागत झालेले तेल लवकर गरम होते. तोटा असा, की तेल पाण्याहून थंड कधीच होऊ शकत नाही. आणि पाणी तर स्वतःच 80 अंशांच्या आसपास असते.

शेवटचा ग्राहक हवाच असल्याने हवेचे तापमान निर्णायक ठरते. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो, आणि तापलेल्या खडीवर, दोन फलाटांच्या मध्ये, हवा त्याहून गरम असते. 90 अंशांचे तेल व 45 अंशांची हवा यांत फरक 45 अंशांचा. शिमल्याच्या हिवाळ्यात हवा 5 अंशांची असेल, तर हाच फरक 85 चा होतो. शीतकाची उष्णता टाकण्याची ताकद या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे जो शीतक शिमल्यास पुरून उरेल, तोच दिल्लीच्या उन्हाळ्यात जेमतेम निम्मे काम करील. अर्थात डोंगराच्या बाजूनेही एक वजावट आहे. दोन हजार मीटर उंचीवर हवा सुमारे एक-पंचमांशाने विरळ होते आणि पंखा तेवढाच फिरला तरी कमी वजनाची हवा फेकतो. शिवाय कालका-शिमला मार्गावर धावणाऱ्या झेड.डी.एम.-3 जातीच्या द्रवचालित इंजिनांना 33 स एक असा चढ तासन्‌तास चढावा लागतो. त्यांना फलाटावरच्या इंजिनासारखी मधली विश्रांती नाही.

दीडशे किलोवॅट उष्णता हवेला द्यायची आणि हवा 20 अंशांहून अधिक तापू द्यायची नाही असे ठरवले, तर दर सेकंदाला जवळजवळ सात घनमीटर हवा रेडिएटरमधून ढकलावी लागते. दर सेकंदाला लहानशा खोलीचा चौथा हिस्सा रिकामा करण्यासारखे हे झाले. धावत्या गाडीला समोरचा वारा मदत करतो. मुंगीच्या गतीने चालणाऱ्या शंटिंग इंजिनाला तो मिळत नाही. सारी मदार पंख्यावर. त्यात दिल्लीची धूळ आणि आंधी. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ व तेलाचा ओशटपणा यांचा लेप बसला, की कागदावरची सात घनमीटर हवा प्रत्यक्षात चारच उरते. शीतक लहान पडतो अशी तक्रार येते तेव्हा तो पुष्कळदा केवळ घाण झालेला असतो. नवा मोठा शीतक बसवण्याआधी जुना धुऊन पाहावा, हा सल्ला फार साधा असल्यामुळेच बहुधा विसरला जातो.

शीतक मोठा करत जाणे हा एक मार्ग झाला. त्याला जागेची, वजनाची आणि पंख्याच्या शक्तीची मर्यादा आहे. दुसरा मार्ग मुळाशी जातो: उष्णता निर्माणच कमी होऊ द्यायची. कन्व्हर्टरची गरज हलण्याच्या वेळी असते. गाडीला वेग आला की तोच मध्यस्थ विनाकारण दलाली खाऊ लागतो. मग वेग आल्यावर त्याला बाजूला सारून इंजिन व चाके सरळ लोखंडाने जोडली तर?

हे करून दाखवणाऱ्यांत एका भारतीय अभियंत्याचे नाव आहे. मनमोहन सुरी यांनी डिझेल रेल्वे-इंजिनांसाठी द्रव व यांत्रिक अशा दोन्ही वाटा एकत्र आणणारी प्रेषण-यंत्रणा योजली. ती सुरी ट्रान्समिशन या नावानेच ओळखली गेली. आरंभीचा ओढ कन्व्हर्टर देतो, आणि वेग पुरेसा झाला की थेट यांत्रिक जोड त्याची जागा घेते. ऐकायला हे सोपे वाटते; अडचण बदलाच्या क्षणी आहे. एक वाट सुटली आणि दुसरी अजून धरली नाही, अशी फट पडली तर ओढ तुटतो, डब्यांच्या जोडण्या सैल पडतात आणि पुढच्याच क्षणी हिसका बसतो. वाटा बदलताना दोन्हीकडील वेग जुळलेले असणे आणि ओढ अखंड राहणे यात साऱ्या योजनेचे मर्म होते. या कामासाठी सुरी यांना 1962 चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते पुढे संचालक होते, आणि स्वराज ट्रॅक्टरचा आराखडा त्याच संस्थेत तयार झाला. सुरी पद्धतीच्या यंत्रणा पुण्याजवळ हडपसर येथील किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने बनवल्या आणि चित्तरंजनच्या शंटिंग इंजिनांत त्या बसल्या. दिल्लीतील शकूरबस्तीचे डिझेल शेड हे अशा इंजिनांचे दीर्घकाळ घर होते. पहाडगंजच्या फलाटाशी गुरगुरणाऱ्या यंत्राच्या पोटात पुण्याचे काम असू शकत होते, हे पुलावरच्या प्रवाशाला कोठून ठाऊक असणार!

पुढे रेल्वेने विद्युत-प्रेषणाची डिझेल इंजिने पसंत केली व द्रवचालित इंजिनांची संख्या घटत गेली. उष्णतेचा हिशेब मात्र त्यामुळे चुकला नाही. तेथे तेलाऐवजी चाकांजवळच्या मोटरींची तांब्याची वेटोळी तापतात, आणि मंद गतीने जड ओढ किती मिनिटे लावता येईल याची मर्यादा चालकाला तेथेही पाळावी लागते.

रस्त्यावर आता उलट प्रवाह दिसतो. खाणींतील डंपर, विमानतळावरील ओढगाड्या, अग्निशामक गाड्या यांत कन्व्हर्टरची स्वयंचलित गिअरपेटी रुळली आहे, आणि अवजड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकांतही ती आढळते. ज्या पेटीची आखणी एकट्या ट्रकचे ओझे धरून केलेली असते, तिच्यामागे ट्रेलर जोडला की शंटिंग इंजिनाची कथा पुन्हा सुरू होते. ट्रक आणि ट्रेलर मिळून 30 टन वजन आहे आणि 20 स एक असा चढ आहे असे समजू. चढासाठी दीड टन व चाकांच्या घर्षणासाठी सुमारे तीन दशांश टन असा 1.8 टनांचा ओढ लागेल. ताशी 15 किलोमीटर वेगाला ही 74 किलोवॅट शक्ती होते. कन्व्हर्टर घसरत असेल आणि शंभरातील पंचाहत्तर भागच पुढे पोचवत असेल, तर तेलात 25 किलोवॅट शिरतात: विजेच्या पंचवीस शेगड्या एका पिंपभर तेलात बुडवून ठेवाव्यात तसे. तोच कन्व्हर्टर आतील क्लचने कुलूपबंद केला, तर गिअरपेटीचे उरलेसुरले घर्षण धरून चारच शेगड्या राहतात.

म्हणून अशा ट्रकची थंडाव्याची व्यवस्था सुधारताना प्रथम पाहावयाची गोष्ट शीतकाची नाही. चढावर कन्व्हर्टर कुलूपबंद राहतो की नाही, ते आधी पाहावे. वरच्या गिअरात इंजिन कण्हत असेल आणि कुलूप सारखे सुटत असेल, तर चालकाने खालचा गिअर धरावा. यास पैसा लागत नाही. त्यानंतर तापमापक. तो कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाच्या वाटेवर बसवला, तर संकटाची वर्दी काही सेकंदांत देतो. पेटीच्या तळाशी बसवला, तर उशिरा. दोहोंच्या आकड्यांत मोठा फरक असतो आणि कोणता आकडा वाचतो आहोत हे चालकाला ठाऊक हवे.

मग शीतक. रेडिएटरच्या टाकीत असलेला मूळचा शीतक काढून टाकू नये. तेल प्रथम त्यातून जावे आणि नंतर हवेने थंड होणाऱ्या जादा शीतकातून, म्हणजे पाण्याहून खाली जे उतरायचे ते दुसऱ्या टप्प्यात उतरते. हा जादा शीतक पुष्कळ जण रेडिएटरच्या पुढे बसवतात, कारण थंड हवा तेथे मिळते. त्याने तापवलेलीच हवा मग रेडिएटरच्या वाट्याला येते आणि गिअरपेटी वाचली तरी इंजिन उकळू लागते. जागा असेल तर बाजूला, स्वतंत्र पंख्यासह बसवणे अधिक बरे. नळ्या मूळच्या नळ्यांहून अरुंद नसाव्यात. वाटेत दाब खर्च झाला तर शीतकातून परतून वंगणाला जाणारे तेल कमी पडते. थंड प्रदेशात जाणाऱ्या वाहनाला तेल गरम होईपर्यंत शीतक टाळून जाऊ देणारी आपोआप उघडणारी झडप हवी, नाहीतर घट्ट तेल बारीक वाटांत अडून बसते.

घाट उतरतानाही ही यंत्रणा सुटत नाही. काही ट्रकांत तेल घुसळूनच वेग आवरणारा मंदक बसवलेला असतो. तेथे इंजिनाची शक्ती नसते, पण 30 टनांचे ओझे डोंगरावरून खाली येताना जी शक्ती मोकळी होते, ती त्या तेलात जाते. वर चढताना ज्या शीतकाचा विचार केला, तोच खाली उतरताना, कित्येकदा अधिक जोराने, कामाला लागतो. म्हणून मंदक असलेल्या ट्रकचा शीतक उताराच्या हिशेबाने निवडतात.